इंदूरहून नामिबियाला जातोय, परवान्यावर कुडू आणि ईलंड (आफ्रिकेतली मोठी हरणं) मारायचे आहेत. माझ्या .३०-०६ रायफलला कोणती गोळी घेऊ?

१८० ग्रेन (सुमारे ११.७ ग्रॅम) वजनाची बॉन्डेड, म्हणजे शिसं बाहेरच्या जॅकेटला (धातूच्या आवरणाला) घट्ट जोडलेली, किंवा अखंड तांब्याची गोळी घ्या. कुडूला ती भरपूर होते. खरा प्रश्न ईलंडचा, कारण मोठा नर ७००-८०० किलोंचा आणि खांद्याचं हाड जाडजूड. साधी सॉफ्ट-नोज (टोकाला उघडं शिसं असलेली) गोळी जवळून पूर्ण वेगात त्या हाडावर बसली, तर शिसं जॅकेटपासून सुटून ती वरच फुटते आणि जखमी जनावर तळमळत दूर जातं. ते पाप कशाला? बॉन्डेड गोळी फुलते, पण वजन राखून फुप्फुसापर्यंत पोचते. तिथल्या कायद्यातली गोळीच्या किमान २७०० ज्यूल ऊर्जेची अटही .३०-०६ सहज पार करते. मात्र इंदूरच्या रेंजवर केलेलं झिरो (नेम जुळवणी) विमानप्रवासानंतर गृहीत धरू नका. तिथे त्याच गोळीनं पुन्हा तपासा.