आत्मविश्वासच नसेल तर नवीन काही शिकायला सुरुवात कशी करायची?

तुमचा प्रश्न असा आहे : चित्रकला शिकायची इच्छा कित्येक वर्षांपासून आहे, पण लहानपणी कुणीतरी 'तुझ्या हातात कलाच नाही' म्हणालं होतं, ते अजून मनातून जात नाही. दोनदा वही आणली, ती कोरीच राहिली. आता पस्तिशी उलटली. आधी थोडा आत्मविश्वास यावा आणि मग सुरुवात करावी असं वाटतं, तर तो आणायचा कुठून?

माझं मत स्पष्ट आहे. तो आधी येत नाही. त्याची वाट बघत बसलात तर वही आणखी दहा वर्षं कोरी राहील.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या १९६९ सालच्या एका प्रयोगात सापांची प्रचंड भीती असलेली माणसं होती. काहींना न घाबरता साप हाताळणाऱ्या लोकांची फिल्म दाखवली, काहींना शरीर सैल सोडून मनातल्या मनात साप बघायला सांगितलं. तिसऱ्या गटासमोर एक माणूस खरा साप हाताळत असे आणि मग त्यांनाही एकेक पायरी पुढे नेत असे : आधी हातमोजे घालून नुसता स्पर्श, मग उघड्या हाताने, मग साप उचलून धरणं. सगळ्यांत जास्त फरक या तिसऱ्या गटात पडला. पुढे १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की 'हे मला जमेल' ही भावना चार वाटांनी येते : स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणीतरी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची-मनाची अवस्था. यात सगळ्यांत पक्की वाट पहिली. म्हणूनच मित्रमंडळींनी कितीही 'तुला जमेल गं' म्हटलं तरी ते दोन दिवसांत विरून जातं.

मी पोहायला शिकलो ते चांगला मोठा झाल्यावर. फुप्फुसात हवा भरलेली असली की माणूस पाण्यावर तरंगतो, हे मला वाचून पाठ होतं. तरी कठड्यावरची बोटं सुटत नव्हती. शिकवणाऱ्या सरांनी मला समजावण्यात वेळच घालवला नाही. छातीएवढ्या पाण्यात कठडा धरून चेहरा बुडवायचा आणि नाकातून हळूहळू श्वास सोडायचा, एवढंच काम दिलं. ते अंगवळणी पडल्यावर म्हणाले, आता उताणे व्हा, डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या. सगळी गोम या डोकं मागे टाकण्यात आहे. भीती वाटली की माणूस मान उचलतो, आणि मान उचलली की पाय खाली जातात. म्हणजे बुडण्याच्या भीतीनेच शरीर बुडायला लागतं. मान सैल सोडली तेव्हा पाय आपोआप वर आले. पाणी आपल्याला धरून ठेवतं, हे मला तेव्हा खरं कळलं.

पण मान सैल सोडायची ती पुरावा हाती येण्याआधी. तेवढ्यापुरता विश्वास टाकावाच लागतो, त्याला पर्याय नाही. मात्र तो एका श्वासापुरता होता आणि पायाखाली जमीन होती. 'मी पोहणारा होईन' यावर मला विश्वास ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हीही 'मी चित्रकार होईन' हा प्रश्न बाजूला ठेवा.

तुमचं छातीएवढं पाणी म्हणजे एक साधा कप. टेबलावर ठेवा आणि पेन्सिलीने काढा. बहुतेक जण कपाचं तोंड लंबगोल काढतात आणि बूड सरळ रेषेत, कारण कप सपाट टेबलावर ठेवलेला आहे हे त्यांना माहीत असतं. जरा वरून पाहिलंत तर दिसेल की बुडाची कडाही वळलेली आहे, उलट तोंडापेक्षा जास्तच गोलावलेली. माहीत असलेलं न काढता दिसतंय ते काढलं की कप एकदम टेबलावर बसतो. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण इथे 'हातात कला' वगैरे काही लागलेलं नसतं. तुम्ही नीट पाहिलेलं असतं, इतकंच. रोज तोच कप, वेगळ्या बाजूने. खोडरबर सुरुवातीला दूरच ठेवा.

लहानपणीच्या त्या शेऱ्याबद्दल. साधारण नऊ-दहा वर्षांची झाली की मुलांना हुबेहूब काढावंसं वाटायला लागतं, ते जमत नाही, आणि बरीच मुलं तिथेच चित्रं काढणं सोडतात. मोठेपणी आपला हात त्या वयाचाच वाटतो, कारण सराव त्याच वयात थांबलेला असतो. शेरा मारणाऱ्याने एका मुलाचं एक चित्र पाहिलं होतं. त्यावरून पस्तिशीतल्या माणसाचा निकाल लागत नाही.

वयाचं म्हणाल तर लंडनमधल्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. ही परीक्षा पास झालेल्यांच्या मेंदूत स्मरणाशी निगडित भागाची वाढ झाल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ती सगळी प्रौढ माणसंच होती.

खरी कसोटी पुढे आहे. काही आठवड्यांनी असं वाटेल की आपण मागे चाललोय. नजर हातापेक्षा लवकर सुधारते, म्हणून कालपर्यंत न दिसणाऱ्या चुका आज डोळ्यांत खुपतात. बरेच जण नेमके इथे सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शिकताना आपल्याला काय वाटतं यावर फारसं जाऊ नये. २००६ सालच्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर काहींनी सुरुवातीला थोडा वेळ वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहून काढला. आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांना जास्त होती. आठवड्याने त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. ज्यांना सोपं वाटत होतं, ते मागे पडले.

म्हणून प्रत्येक चित्रावर तारीख टाका आणि एकही फाडू नका. मन खचेल त्या दिवशी स्वतःची समजूत घालत बसू नका, पहिलं पान काढून आजच्या पानाशेजारी ठेवा.

क्लास लावायचा असेल तर आधी एक तास नुसतं बसून बघा. शिकवणारा विद्यार्थ्याच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच चित्र पुरं करत असेल तर तो क्लास नको. 'इथे परत बघ, ही कड खरंच सरळ आहे का?' असं विचारणारा भेटला तर लगेच नाव घाला. आणि वर्गात तुमच्याच वयाचे नवखे असतील तर उत्तम, कारण पट्टीच्या कलावंताकडे पाहून जेवढा धीर येत नाही तेवढा शेजारी बसून कपाशी झटणाऱ्याकडे पाहून येतो.