अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचताना दुखते का आणि त्याचे दुष्परिणाम काय असतात?

टोचताना बहुधा मुंगी चावल्याइतकेच जाणवते आणि दुष्परिणाम झालेच तर ते सहसा किरकोळ असतात: टोचल्या जागी रक्ताचा थेंब, काळानिळा डाग, एखादा दिवस ठणका किंवा उपचारानंतरची गुंगी. या सुया साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या, भरीव आणि इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक असतात. त्या २० ते ३० मिनिटे तशाच ठेवतात आणि त्या वेळी आतून जडपणा, मुंग्या किंवा ओढ जाणवणे अपेक्षितच असते, मात्र विजेसारखी तीव्र कळ आली तर सोसत न बसता लगेच सांगावे. काहींना घेरी येते, म्हणून पहिल्या वेळी उपाशीपोटी जाऊ नये आणि उपचार आडवे पडूनच घ्यावा. छाती-पाठीवर सुई फार खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. हे क्वचितच घडते, पण नंतर छातीत दुखू लागले किंवा दम लागला तर तातडीने रुग्णालय गाठावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरक्षाविषयक मार्गदर्शिकेतही निर्जंतुक सुया आणि प्रशिक्षित हात यांवरच भर आहे, तेव्हा सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडले जाते ना, हे संकोच न करता पाहावे. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण किंवा पेसमेकर असल्यास मात्र वरचे ‘किरकोळ’ गृहीत न धरता आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.