सीओपीडी असलेल्या वडिलांच्या बेडक्यात दर वेळी तोच जीवाणू सापडतो. अँटिबायोटिकने तो कायमचा का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना बरीच वर्षं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, आहे, वर्षभरात चार वेळा अँटिबायोटिक झालं, दर वेळी आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि पुढच्या कल्चरमध्ये, म्हणजे बेडक्यातले जीवाणू वाढवून बघणाऱ्या तपासणीत, पुन्हा स्यूडोमोनास हा जीवाणू येतो. आता डॉक्टरांकडे ‘आणखी स्ट्राँग’ औषध मागावं का, असं तुम्ही विचारताय. मी श्वसनविकारांच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. कोणतं औषध द्यायचं हे छातीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण जीवाणू का टिकतो आणि घरी काय करता येतं, हे बहुतेक घरांत कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निरोगी श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतूंसकट कफाचा पातळ थर घशाकडे ढकलतात आणि तो आपण नकळत गिळून टाकतो. वर्षानुवर्षांच्या धुराने हे तंतू झडतात, कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात आणि कफ जागीच साचतो. साचलेल्या कफात जीवाणू वाढतात. त्यांना मारायला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि इलास्टेजसारखी विकरं (एन्झाइम्स) सोडतात. ही विकरं श्वासनलिकेच्या भिंतीलाही इजा करतात, उरलेसुरले तंतू निकामी करतात आणि कफ आणखी वाढवतात. संशोधक पीटर कोल यांनी 1986 मध्ये ब्राँकिएक्टेसिसच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या आजाराच्या, संदर्भात हे दुष्टचक्र मांडलं. सीओपीडीतल्या जुनाट संसर्गातही बऱ्याच अंशी हेच घडतं. म्हणजे जीवाणू हा या चक्राचा एक भाग आहे. त्याला मारलं आणि कफ तसाच साचून राहिला, तर त्याची जागा रिकामी राहत नाही.

त्यातही स्यूडोमोनास चिवट. दातांवर जसा चिकट थर साचतो तसा थर तो स्वतःभोवती तयार करतो आणि आत सुस्त पडून राहतो. बरीचशी अँटिबायोटिक्स वेगाने वाढणाऱ्या जीवाणूंवर उत्तम चालतात. सुस्त जीवाणू त्यांच्या तडाख्यातून वाचतात आणि औषध थांबलं की पुन्हा वाढतात. लॅबमध्ये तपासणी होते ती मोकळ्या वाढणाऱ्या जीवाणूंवर. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ (या जीवाणूवर चालतं) असं लिहिलेलं औषध फुप्फुसात पूर्ण काम करेलच असं नाही. शिवाय स्यूडोमोनासवर तोंडाने घेता येण्यासारखी औषधं म्हणजे जवळपास सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन एवढीच. ती वारंवार घेतली की जीवाणू त्यांना सरावतो. साठीपुढच्या, स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला त्यांनी स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे टेंडन) दुखावण्याचा धोकाही असतो. म्हणून माझं प्रामाणिक मत आहे की ‘स्ट्राँग’ औषधाचा आग्रह धरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिपोर्टमध्ये जीवाणू दिसणं आणि आजार बळावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीओपीडीच्या अनेक रुग्णांच्या बेडक्यात तब्येत स्थिर असतानाही हिमोफिलस, मोराक्सेला किंवा न्यूमोकॉकस हे जीवाणू सापडतात. अँटिबायोटिकचा कोर्स कधी घ्यायचा हे ठरवताना डॉक्टर 1987 पासून रूढ असलेल्या तीन खुणा बघतात: धाप वाढली का, बेडका वाढला का, आणि तो पिवळा-हिरवा, पुवासारखा झाला का. हिरवा रंग येतो तो पांढऱ्या पेशींमधल्या एका विकरामुळे, त्यामुळे रंग गडद होणं म्हणजे आत झुंज वाढल्याची खूण. पण काहींचा रोजचाच बेडका फिकट पिवळा असतो. तुमच्या वडिलांचा एरवीचा रंग, दिवसाचं प्रमाण आणि किती चालल्यावर दम लागतो, हे वहीत लिहून ठेवा. बदल झाला की डॉक्टरांना ही वही दाखवा. नुसत्या कल्चरपेक्षा त्यांना तिचा जास्त उपयोग होईल.

पुढच्या भेटीत काही गोष्टी स्पष्ट विचारा. छातीचा एचआरसीटी (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) झालाय का? सीओपीडीबरोबर ब्राँकिएक्टेसिस असेल तर उपचारांची दिशाच बदलते. बेडक्याची टीबीसाठी आणि टीबीच्या कुळातल्या इतर जीवाणूंसाठी तपासणी झालीय का? वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर कधीकधी ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अनेक महिने कमी मात्रेत देतात. 2011 च्या एका मोठ्या अभ्यासात त्याने आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले, पण काहींच्या ऐकण्यावर परिणामही झाला. ते सुरू करण्याआधी ईसीजी हवा आणि टीबीच्या कुळातला जीवाणू नाही याची खात्री हवी. नाहीतर तो जीवाणू या औषधाला दाद देईनासा होतो आणि मग उपचार फार अवघड होतात. नेब्युलायझरमधून थेट फुप्फुसात द्यायची कोलिस्टिन, टोब्रामायसिनसारखी अँटिबायोटिक्सही आहेत. इन्हेलरमधलं स्टिरॉइड खरंच लागतंय का, हेही विचारा. काहींना त्याचा चांगला फायदा होतो, पण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. मात्र ते स्वतःहून बंद करू नका.

आणि आता माझं काम: कफ बाहेर काढणं. औषधांच्या यादीत ते नसतं म्हणून घरात कुणी ते मनावर घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सीओपीडीत जोरजोरात खोकलं की सैल झालेल्या श्वासनलिका मिटतात, कफ आतच अडकतो आणि माणूस थकून जातो. त्याऐवजी हे करायचं: खुर्चीत टेकून बसावं, खांदे सैल सोडावेत आणि मिनिटभर शांत, पोटाने श्वास घ्यावा. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत दोन-तीन सेकंद धरून. त्याने हवा कफाच्या मागे पोचते. पुन्हा शांत श्वास. मग तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरताना करतो तसा ‘हाऽऽ’ करत श्वास जोराने पण न खोकता बाहेर सोडायचा, एक-दोनदा. कफ घशापाशी आला की एकदाच खोकून थुंकून टाकायचा. चक्कर आली तर थांबायचं. हे चक्र दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि जेवणानंतर लगेच नाही. एकदा फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्या, कारण बहुतेक जण ‘हाऽऽ’ फार जोरात करतात आणि ढास लागते.

क्रमही सांभाळा. आधी श्वासनलिका उघडणारा इन्हेलर, मग डॉक्टरांनी दिलं असेल तर खारट द्रावणाचं नेब्युलायझेशन, मग कफ काढणं, आणि शेवटी नेब्युलायझरचं अँटिबायोटिक. कफाच्या थरावर पडलेलं औषध वाया जातं. खारट द्रावणाची पहिली मात्रा दवाखान्यातच घ्यावी, काहींची छाती त्याने आवळते. कफ सुटत असताना खोकला दाबणारं सिरप देऊ नका. नेब्युलायझरचा कप आणि मास्क दर वेळी धुऊन पूर्ण वाळवा, आणि त्यांचं निर्जंतुकीकरण माहितीपत्रकाप्रमाणे करा, कारण स्यूडोमोनासला ओल फार आवडते.

बेडक्याचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, सकाळी, चूळ भरून, छातीतून काढलेला द्या आणि लवकर लॅबला पोचवा. नुसती लाळ गेली तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. फ्लूची लस दर वर्षी द्या आणि न्यूमोकॉकसच्या लशीबद्दल विचारा.

बोलताना वाक्य पुरं न होण्याइतकी धाप, ओठ निळे, गुंगी किंवा गोंधळ, बेडक्यातून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर वहीबिही बाजूला ठेवून त्यांना थेट रुग्णालयात न्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की घरातल्या लहान मुलीला आजोबांकडून हा जीवाणू लागेल का. टीबी नाही हे तपासून झालं असेल, तर आजोबांच्या मांडीवर तिला खुशाल बसू द्या. स्यूडोमोनास पाण्यात, मातीत, सिंकमध्ये सगळीकडे असतो आणि निरोगी फुप्फुसात सहसा टिकत नाही. उलट तिच्या सर्दीपासून आजोबांना जपा. तिला सर्दी-खोकला असेल त्या दिवसांत दोघांनीही हात वारंवार धुवावेत आणि जरा अंतर ठेवावं.