भूमध्य समुद्राकाठची छोटी गावं आणि डोंगरावरची जुनी खेडी आठवड्याभरात बघायची आहेत. मुक्काम कुठे करावा? सोबत आई-बाबा आहेत, सगळे शाकाहारी.

नीसला करा. फ्रान्सचा आग्नेय कोपरा, इटलीची हद्द ट्रेनने तासाभरावर. सगळे आधी इटलीतल्या अमाल्फीचं नाव घेतात, पण तिथल्या पायऱ्या आणि उन्हाळ्यात खचाखच भरलेल्या बस आई-बाबांना झेपतील असं मला वाटत नाही. नीसच्या विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते. एकच खोली धरा, सकाळी निघा, रात्री परत या. रोज नवं हॉटेल करून बॅगा ओढण्यात अर्धी सुट्टी जाते.

गाडी मात्र भाड्याने घेऊ नका. जुन्या गावांच्या तटाच्या आत गाड्या जातच नाहीत आणि बाहेर पार्किंग शोधता शोधता जीव जातो. इटलीच्या हद्दीजवळच्या मांतों गावाकडे जाणारी लोकल समुद्राला चिकटून धावते. उजव्या बाजूची खिडकी पकडा. पहिल्या काही मिनिटांतच विलफ्रांश येतं. स्टेशनच्या खालीच किनारा. नीसचा किनारा नुसत्या गोट्यांचा, इथे निदान भरड वाळू आहे. बंदरावर कोळ्यांचं एक छोटं चॅपल आहे, ते फ्रेंच कवी-चित्रकार जाँ कॉक्तोने 1957 मध्ये चित्रांनी भरून काढलं. मागच्या बाजूला घरांच्या पोटातून जाणारी एक झाकलेली गल्ली आहे, तेराव्या शतकातली, भर दुपारीही अंधारी. मांतों शेवटी ठेवा. तिथली लिंबं प्रसिद्ध, फेब्रुवारीत त्यांचा उत्सवच असतो.

आता डोंगरावरची गावं. ही माणसं एवढ्या उंचावर का जाऊन बसली, तर समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांच्या आणि सैन्यांच्या भीतीने. 1543 मध्ये बार्बारोसाच्या तुर्की आरमाराने फ्रेंचांच्या जोडीने नीसला वेढा घातला होता (नीस तेव्हा सव्हॉय या वेगळ्या राज्याकडे होतं, फ्रान्समध्ये आलं ते 1860 मध्ये). यातलं एझ गाव समुद्रापासून चारशेहून अधिक मीटर उंच आहे. त्याचा किल्ला फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या सैन्याने 1706 मध्ये पाडला. आज त्या अवशेषांत निवडुंगांची बाग आहे, तिकीट काढून वर जायचं. खालच्या स्टेशनपासून वर येणारी पायवाट जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाने ओळखली जाते, पण आई-बाबांना तिच्यावरून नेलंत तर घरी आल्यावर ऐकून घ्यावं लागेल. नीसहून बसने थेट गावाच्या पायथ्याशी उतरा. पुढे फरसबंद चढ आणि पायऱ्या आहेतच. आणि सकाळी लवकर जा. अकरानंतर पर्यटकांच्या बसगाड्या येतात, मग त्या अरुंद गल्ल्यांत दादर स्टेशनचा पूल होतो.

गुडघे कुरकुरत असतील तर एझ सोडून सँ-पॉल-द-व्हाँसला जा. चढ कमी, तटावरून फिरता येतं आणि गावाच्या टोकाच्या स्मशानात चित्रकार मार्क शगालची साधीशी कबर आहे. तिथूनच पुढे व्हाँस. मला विचाराल तर सगळ्या सहलीत हेच चुकवू नये असं ठिकाण, कारण इथे चित्रकार मातीसने घडवलेलं चॅपल आहे, 1951 मध्ये पूर्ण झालेलं. भिंतींच्या पांढऱ्या फरश्यांवर काळ्या रेषांची चित्रं आणि खिडक्यांना फक्त पिवळी, हिरवी, निळी काच. ऊन आलं की ते रंग फरशीवर सांडतात. उघडण्याच्या वेळा मोजक्याच असतात, आधी बघून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर नीसने तुमची सोय आधीच करून ठेवली आहे. सोका म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. मोठ्या थोरल्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वर मिरपूड. हातानेच खायचा आणि गरम असतानाच, गार झाला की मजा गेली. बाबा दुसरी प्लेट मागतील. पिसालादिएर हा पिझ्झासारखा प्रकार दिसायला निव्वळ कांद्याचा वाटतो, पण त्यात अँकोव्ही मासे असतात. पाँ बान्या या इथल्या सँडविचमध्येही ट्यूना किंवा अँकोव्ही असतोच. रातातुई, म्हणजे भाज्यांचा रस्सा, बिनधास्त मागवा.

महिना सप्टेंबरचा धरा. पाणी कोमट असतं आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. मे आणि जूनची सुरुवात टाळा, कान शहराचा चित्रपट महोत्सव आणि मोनॅकोची मोटार शर्यत यांमुळे हॉटेलांचे भाव आभाळाला भिडतात. नीसचा कूर सालेया बाजार सोमवारी सोडून कधीही बघा. सोमवारी भाजी-फुलांऐवजी जुन्या वस्तू मांडतात. आणि गोट्यांच्या किनाऱ्यासाठी पाण्यात चालणाऱ्या रबरी सपाता इथूनच न्या.