व्हॉट्सॲपवर आलेला जीआर खरा आहे का, आणि मूळ प्रत कुठे मिळेल?

फॉरवर्ड आलेल्या पीडीएफचं शेवटचं पान आधी उघडा. सह्यांच्या वरच एक ठरीव वाक्य असतं: सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक अमुक आहे. तो आकडा १८ अंकी असतो, आणि त्यातले पहिले ८ अंक म्हणजे तारीख. २०१६०२११ने सुरू झाला तर ११ फेब्रुवारी २०१६. वर छापलेल्या तारखेशी हे जुळत नसेल तर मला तरी लगेच शंका येते.

मग महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' विभागात जाऊन तोच संकेतांक टाका. संकेतांक नसेल तर विभाग आणि तारखेवरून शोधा. शीर्षकातल्या शब्दांवर फार विसंबू नका. ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं की शोध रिकामा येतो. (अनुदानाच्या एका जीआरसाठी अर्धा तास घालवलाय मी.)

जुने जीआर सगळेच तिथे नाहीत. मग संबंधित विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, ऑनलाइनही भरता येते.