मीटबॉलला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न सोलापूरच्याच एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा शिकायला अमेरिकेत असतो, खोलीवर स्वतः रांधतो, आणि ‘हेल्दी ग्रीक टर्की मीटबॉल्स’ त्याला फार छान जमायला लागलेत. त्याने फोनवर सांगितलेली कृती ताईंना घरच्या वहीत उतरवून ठेवायची आहे. वही सासूबाईंची, निम्मी पानं त्यांच्या अक्षरातली, म्हणून वर इंग्रजी नाव नको वाटतं. त्या लिहितात : “आधी ‘मांसगोळे’ लिहिलं आणि खोडलं. मग ‘कोफ्ते’ लिहिलं, पण कोफ्ते म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना दुधीचे वाटतात. बरोबर शब्द कोणता?”

ताई, ‘मांसगोळे’ खोडलंत ते बरं केलंत. मराठीत ‘मांसाचा गोळा’ म्हणजे ज्यात जीव, जाण, आकार काही नाही असं काहीतरी. तो शब्द ताटात वाढवत नाही. शिवाय आपल्या स्वयंपाकघरात ‘मांस’ हा शब्द येतोच कुठे? आपण मटण म्हणतो. इंग्रजीत मटण म्हणजे मेंढीचं, आपल्याकडे आल्यावर ते बकऱ्याचं झालं, आणि गावाकडे तर त्याचा अर्थ आणखी सैल होऊन ‘कोंबडीचं मटण’ असंही सहज म्हणतात. त्या हिशेबाने ‘टर्कीचं मटण’ म्हणालात तर सोलापुरात कुणाच्या कानाला खटकणार नाही.

आता मुख्य शब्द. माझं उत्तर आहे उंडा. खिम्याचा उंडा, अनेकवचनी खिम्याचे उंडे.

कणकेचा उंडा, पुरणाचा उंडा हे तुम्ही रोज म्हणत असाल. तळहातात मावेल असा, दोन्ही हातांनी गोल वळलेला गोळा म्हणजे उंडा. मटणाच्या रश्श्यात खिम्याचे उंडे सोडायची रीत आपल्या भागात आहेच, म्हणजे शब्द नुसता पिठापुरता राहिलेला नाही. मीटबॉल म्हणजे नेमकं हेच. मग नवा शब्द घडवायची गरजच काय?

पण मला हा शब्द इतका आवडतो त्याचं कारण सोलापूर आहे. लहानपणी आमच्या वाड्यात डाव्या हाताला कानडी घर होतं आणि उजवीकडे मागावर काम करणारं तेलुगू घर. नागपंचमीला कानडी आज्जींकडून स्टीलचा डबा यायचा. त्यात शेंगा उंडी, तिळाची उंडी, बेसनाची उंडी. डब्याचं झाकण घट्ट बसलेलं असायचं, ते उघडताना गुळाचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास एकदम वर यायचा. आज्जी ‘उंडी’ म्हणायच्या, आई ‘लाडू’ म्हणायची, आणि पलीकडच्या अक्का तिळाच्या तसल्याच लाडवांना ‘नुव्वुल उंडलु’ म्हणायच्या. मला वाटायचं, तिघीजणी तीन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलताहेत. पुढे कधीतरी आईला पुरणाचा ‘उंडा’ म्हणताना ऐकलं आणि लक्षात आलं की अरे, हा तर तोच शब्द!

कानडीत उंडे (आपल्याकडच्या, म्हणजे उत्तर कर्नाटकाच्या वळणाच्या कानडीत उंडी), तेलुगूत उंड, अनेकवचन उंडलु. तमिळमध्ये उरुंडै, तिथे मधला ‘र’ अजून शाबूत आहे. ‘उरुळ्’ म्हणजे गोल फिरणं, घरंगळणं. त्यावरून उरुंडै म्हणजे गोल वळलेलं. तमिळनाडूत खिम्याच्या गोळ्यांना कोला उरुंडै म्हणतात आणि तेलुगू घरांत खीमा उंडलु होतात. म्हणजे मद्रासपासून सोलापूरपर्यंत मीटबॉलला हा शब्द आधीपासून चालू आहे. आपला ‘उंडा’ याच गोतावळ्यातला. तीन भाषा बोलणाऱ्या शहरात तिन्हींना कळणारा एक शब्द हाताशी असताना तो सोडून ‘मीटबॉल्स’ लिहायचं, मला तरी पटत नाही. आणि ‘मीटबॉल्सचे’, ‘मीटबॉल्सना’ लिहिताना इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढवावा लागतो, तो बसतही नाही. ‘उंड्यांना’ बघा किती सुटसुटीत आहे.

‘गोळा’ चालेल का? चालेल, आमटीत डाळीचे गोळे आपण म्हणतोच. पण गोळा कशाचाही होतो, चिखलाचा, कापसाचा, बर्फाचा. उंड्यात हाताने वळल्याची खूण आहे. ‘मुटके’ मात्र लिहू नका. मुटका मुठीत दाबून होतो, लांबट असतो, त्यावर बोटांचे वळ उमटतात.

गंमत म्हणजे हाच भेद ग्रीकांकडेही आहे. आपण ज्याला मीटबॉल म्हणून मोकळे होतो त्याला त्यांच्याकडे निदान तीन नावं आहेत. नेहमीचे, पुदिना-ओरेगानो घातलेले ते केफ्तेदेस. तांदूळ घालून वळलेले आणि अंडं-लिंबाच्या रश्श्यात शिजवलेले ते युवर्लाक्या, आणि हे नाव ‘गोल’ अशा अर्थाच्या तुर्की शब्दावरून आलं आहे, म्हणजे अक्षरशः आपले गोळे. तिसरे सुत्झुकाक्या : लांबट, जिरं-लसूण घातलेले, टोमॅटोच्या रश्श्यात. 1922 साली स्मिर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) शहर सोडून आलेल्या निर्वासितांनी ते ग्रीसमध्ये आणले. जिरं-लसणाचे लांबट वळलेले, ते झाले मुटके! तुमच्या मुलाने केले ते पहिल्या जातीचे.

आणि इथेच तुमचा खोडलेला दुसरा शब्द परत येतो. ‘कोफ्ते’ मुळीच चूक नव्हतं. फारसीत ‘कूफ्तन’ म्हणजे कुटणं, त्यावरून ‘कूफ्ता’ म्हणजे कुटलेलं. तो शब्द एका वाटेने हिंदुस्तानात आला आणि कोफ्ता झाला. दुसऱ्या वाटेने तुर्कीत ‘क्योफ्ते’ झाला आणि तिथून ग्रीकांनी घेतला, तोच हा केफ्तेस, अनेकवचन केफ्तेदेस. म्हणजे ग्रीक मीटबॉल आणि मलई कोफ्ता ही एकाच आजीची नातवंडं आहेत. (‘कूफ्तन’ आणि आपलं ‘कुटणे’ कानाला सारखे लागतात, पण नुसत्या आवाजावर सोयरीक जुळवायची नसते.) अडचण इतकीच की आपल्याकडे कोफ्ता शाकाहारी होऊन हॉटेलच्या ग्रेव्हीत जाऊन बसला. तुमच्या घरात तो दुधीचाच वाटत असेल तर वहीत लिहून उपयोग नाही, कारण वही घरच्यांना वाचायची आहे.

‘खिमा’ची गोष्टही अशीच, आणि मला ती जास्त प्रिय आहे. तुर्कीत ‘कियमा’ म्हणजे बारीक चिरलेलं मटण. पूर्वेकडे येताना त्याचं फारसी-हिंदुस्तानीत ‘क़ीमा’ झालं. पश्चिमेला ग्रीकांकडे तो ‘किमास’ झाला आणि आजही अथेन्सच्या मटणाच्या दुकानात किमासच मागतात. मग हिंदीत कीमा आणि आपल्याकडे खिमा, हा ‘ख’ कुठून आला? दख्खनी बोलीतून. दख्खनीत नुक्त्याचा ‘क़’ घशातला ‘ख़’ होतो. ‘वक़्त’चं आपल्याकडे ‘वखत’ झालं ते आठवा. सोलापुरात खाटकाच्या दुकानात उभं राहून ऐका, “अर्धा किलो खीमा, दोनदा काढ” असं दख्खनीत बोलणारा आणि “खिमा” म्हणणारा मराठी माणूस यांच्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक उरतो. लिहिताना खिमा, खिम्याचा असं ऱ्हस्व लिहावं.

टर्कीचं काय करायचं? काही करू नका, टर्कीच लिहा. हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतला, आणि जगभर त्याला भलत्याच मुलखाचं नाव चिकटलं. इंग्रजांनी त्याला तुर्कांचा समजून टर्की म्हटलं, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच ‘दँद’ म्हणजे हिंदचा, आणि डच ‘काल्कून’, त्यात चक्क आपलं कालिकत लपलेलं आहे. पोर्तुगीज ‘पेरू’ म्हणतात, आणि हिंदीतही पेरू किंवा पीरू हे त्याचं नाव आहे. आपण ते घेऊ शकत नाही, आपल्याकडे पेरू झाडाला लागतो. मराठीत देशाला तुर्कस्तान म्हणायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे ‘टर्की’ हा शब्द पक्ष्यासाठी मोकळा आहे. तर टर्कीचा खिमा. इथे टर्की मिळाली नाही तर कोंबडीचा घ्या, आणि शीर्षकातही तसं लिहा.

‘हेल्दी’ला मात्र ‘पौष्टिक’ लिहू नका, हे कळकळीने सांगतो. पौष्टिक म्हणजे पुष्टी देणारं, अंगी लागणारं. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू पौष्टिक. मुलगा जे करतो ते तळायच्या ऐवजी भाजलेलं, कमी चरबीचं, म्हणजे जवळजवळ उलट दिशेचं. ‘आरोग्यदायी’ बरोबर आहे, पण ते सरकारी फलकावरचं वाटतं. सासूबाईंनी काय म्हटलं असतं? “पचायला हलके” किंवा “बिनतळणीचे”. मला दुसरा जास्त आवडतो, कारण तो काय केलं तेच सांगतो. आणि ‘ग्रीक स्टाइल’साठी ‘ग्रीक पद्धतीचे’ पुरे.

वहीतलं शीर्षक असं होईल : टर्कीच्या खिम्याचे ग्रीक पद्धतीचे उंडे (बिनतळणीचे).

आतल्या मजकुरातही क्रियापदं आपली वापरा, नाहीतर शीर्षक मराठी आणि कृती ‘मिक्स करून रोल करा’ अशी होते. मी असं लिहीन :

अर्धा किलो खिमा. एक मोठा कांदा किसून, पाणी पिळून काढून. ब्रेडचे दोन स्लाइस भिजवून पिळून, एक अंडं, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, मूठभर पुदिना बारीक चिरून, चमचाभर वाळलेला ओरेगानो, अर्ध्या लिंबाची किसलेली साल, मीठ, मिरपूड, दोन चमचे ऑलिव्ह तेल. (ओरेगानो म्हणजे ओवा नव्हे, वास थोडा त्याच वळणाचा असला तरी.) सगळं हलक्या हाताने कालवा, मळू नका. टर्कीला चरबी कमी असते, मळलं की उंडे घट्ट होतात. हाताला पाणी लावून सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान उंडे वळा. तेल लावलेल्या ताटात अंतर सोडून मांडा आणि 200 अंश सेल्सिअसवर तापलेल्या ओव्हनमध्ये 18 ते 20 मिनिटं भाजा. ‘बेक करा’ लिहायची गरज नाही, भट्टीत भाजणं आपल्याला ठाऊक आहे.

सोबत घट्ट दह्यात काकडी किसून, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेलं त्झात्झिकी असतं. शब्द जिभेला अवघड आहे, खुशाल ‘काकडीची दह्यातली कोशिंबीर, लसूण घालून’ लिहा. वरून कुस्करायच्या चीजचं नाव फेटा आहे. ते ‘काप’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलं, आपल्या डोक्यावरच्या फेट्याशी त्याचा संबंध नाही. तरी वहीत ‘फेटा चीज’ असं जोडूनच लिहा, म्हणजे पुढे नातवंडं वाचतील तेव्हा घोटाळा व्हायचा नाही.

आणि शेवटच्या ओळीत एवढं नक्की घाला : मधला उंडा फोडून बघा, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. मुलाकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उंड्याच्या पोटात 74 अंश सेल्सिअस भरले पाहिजेत, कमी भरले तर ताट आणखी तीन-चार मिनिटं आत सरकवा.