पिकअपच्या मागून येणारा ‘हूं’ आवाज

प्रश्न : माझी पिकअप हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला जाते आणि एरवी बंदरावरून मासळी वाहते. पावसाळ्यात डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी ऑईल गळू लागले, म्हणून पिनियनचे (तिच्या तोंडाशी असलेल्या छोट्या गिअरचे) ऑईल सील बदलून घेतले. त्यानंतर काही दिवसांनी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे मागच्या बाजूने ‘हूं’ असा बारीक, सलग आवाज येऊ लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो वाढतो आणि सोडला की जवळजवळ थांबतो. एका मेस्त्रींनी टायर बदलायला सांगितले आहे, तर दुसऱ्यांनी क्राऊन-पिनियनचा (आतल्या मोठ्या व छोट्या गिअरचा) सेट. हंगाम तोंडावर आला आहे, काय करावे?
– एक वाचक, देवगड

उत्तर : तूर्त दोन्ही खर्च थांबवावेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच वाढणारा आणि सोडताच बसणारा आवाज टायरचा नसतो, कारण टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलतो, पायाखालच्या दाबाने नव्हे. चाकाच्या हब बेअरिंगचा आवाज वळणावर, म्हणजे वजन एका बाजूला झुकल्यावर, कमीजास्त होतो. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर हाच आवाज आला असता, तर अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप किंवा गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग यांच्याकडे पाहिले असते. ही चाचणी आपण करून घ्यावीच. तरी आपल्या वर्णनावरून रोख डिफरन्शियलच्या पिनियनकडे जातो.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सील बदलल्याची आहे. ते सील काढण्यासाठी गिअरबॉक्सकडून ताकद मागे आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजचा (जोडतबकडीचा) मोठा नट सोडवावा लागतो आणि पिनियनच्या दोन टेपर बेअरिंगांवर किती दाब राहावा हे तोच नट ठरवतो. पुष्कळ गाड्यांत या दोन बेअरिंगांच्या मध्ये दबणारी नळी, म्हणजे स्लीव्ह असते. नट हवेच्या गनने ठोकून आवळला तर ती प्रमाणाबाहेर दबते आणि बेअरिंगे जखडून तापतात, आणि नट सैल राहिला तर भार येताच पिनियन पुढेमागे सरकून क्राऊनशी त्याची दातजुळणी बिघडते. दोन्ही प्रकारांत आवाज येतो. म्हणून आधी दोन्ही मागची चाके जॅकने उचलून गाडी लोखंडी घोडीवर नीट टेकवावी (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये), पुढच्या चाकांना लाकडाचे ओंडके लावावेत, हँडब्रेक सोडावा आणि न्यूट्रलमध्ये फ्लँज हाताने धरून पाहावी. ती फिरवताना किंचित मोकळी वाटली तर चालेल, दातांमध्ये तेवढी फट लागतेच. परंतु आत-बाहेर किंवा वर-खाली केसाएवढीही हलली, तर नट वा बेअरिंग यांत दोष आहे हे निश्चित.

यानंतर ऑईल पाहावे. ते काढताना आधी भरण्याचा वरचा प्लग सुटतो याची खात्री करून मगच खालचा उघडावा. गंजलेला वरचा प्लग अडकला आणि ऑईल मात्र रिकामे झाले, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असणे स्वाभाविक आहे. पण बोटाला टोचणारे कपचे हाती लागले, तर दात किंवा बेअरिंग तुटू लागले आहे. ऑईल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे पाणी फार छळते. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचे खारे पाणी थेट हाउसिंगवर, म्हणजे डिफरन्शियलच्या कवचावर, ठिबकते आणि त्यावरचा छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्या-येण्याचे तोंड, गंजून बुजतो. मग चालून तापलेली हाउसिंग साचलेल्या पाण्यात गेली की आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेर वाट नसल्याने सीलच्या कडेतून पाणी ओढून घेते. गाडी तापल्यावर हवेचा दाब उलट बाहेर येतो आणि तेच सील गळू लागते. तुमचे मूळ सीलही याच कारणाने गळले असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे ब्रीदर न पाहता बदललेले नवे सीलही टिकणार नाही.

उपाय सापडलेल्या दोषानुसार करावा. बेअरिंगमध्ये दोष नसून फक्त ऑईल बिघडले असेल, तर ते काढून हाउसिंग स्वच्छ करावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑईल (बहुधा जीएल-५ प्रतीचे, ८० डब्ल्यू ९०) सपाट जागी गाडी उभी करून वरच्या प्लगच्या काठापर्यंत भरावे. नटाचा दोष निघाल्यास नवी स्लीव्ह व नवा नट घालून, बेअरिंगवरचा दाब मोजूनच बसवणाऱ्याकडे काम द्यावे. दातांवर खड्डे पडले असतील, तरच क्राऊन-पिनियन बदलावे, आणि तेही जोडीनेच. दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. बसवताना दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहण्याचा आग्रह धरावा. आवाज दाबण्यासाठी जाड ऑईल किंवा ग्रीस भरण्याचा सल्ला मात्र मुळीच मानू नये; त्याने दोष झाकला जातो आणि बेअरिंगला वंगण पोचत नाही.

हे सारे पेट्या भरण्यापूर्वी उरकावे. पिनियनचे बेअरिंग घाटात अडकले, तर मागची चाके जाम होऊ शकतात. दुरुस्तीनंतर ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड चॅसिसच्या वर न्यावे, आणि बंदरावरून परतल्यावर हाउसिंग गोड्या पाण्याने धुवावी, मात्र ती थंड झाल्यावर.